स्पर्धेसाठी फोटोची साइज: १९२० × १०८० म्हणजे नेमकं काय, आणि ३०० डीपीआयचं काय करायचं?

पथारी_नंदुरबार

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी आमच्याकडच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर, म्हणजे ओली मिरची वाळायला पसरतात तिथे, फोटो काढतेय. गेल्या वर्षी एका स्पर्धेला त्यातला एक पाठवला होता. पहाटे साडेसहाची वेळ, एक बाई ओणवी होऊन ओली मिरची उलटी करतेय, ठसका लागू नये म्हणून नाकातोंडावर ओढणी घट्ट बांधलेली, नुसते डोळे दिसतायत. उभा फोटो. तो परीक्षकांसमोर गेलाच नाही. "साइज नियमात बसत नाही" एवढ्या एका ओळीचा मेल आला. मी लांब बाजू बरोब्बर १९२० केली होती, म्हणून फार लागलं मनाला. त्या बाईंना मी सांगून ठेवलं होतं की फोटो मोठ्या पडद्यावर दिसणार म्हणून.

यंदा परत पाठवायचाय. नियम असे आहेत: जेपीईजी, रुंदी जास्तीत जास्त १९२०, उंची जास्तीत जास्त १०८० पिक्सेल, फाइल २ एमबीच्या आत, रंगांची पद्धत एसआरजीबी, ३०० डीपीआय. शेवटची तारीख १९ ऑगस्ट, म्हणजे हातात चारच दिवस.

कॅमेऱ्यातून फाइल ६००० × ४००० ची येते. तिचा मी १६२० × १०८० चा आडवा फोटो करून बघितला, तो ७२ डीपीआय दाखवत होता. तिथे ३०० टाकले तर फोटो ६७५० × ४५०० झाला! मग पिक्सेल पाळायचे की डीपीआय? दोन्ही एकदम कसं जमवायचं ते कुणी नीट सांगेल का?

हतनूरकाठ

ताई, गेल्या वर्षीची चूक आधी सांगतो, कारण अगदी तीच मीही केली आहे. १९२० × १०८० ही फोटोची साइज नाही, चौकट आहे. फोटो त्या चौकटीत बसला पाहिजे. उभ्या फोटोची लांब बाजू म्हणजे त्याची उंची, आणि उंचीला मर्यादा १०८० ची. तुम्ही लांब बाजू १९२० केलीत म्हणजे फोटो १२८० × १९२० झाला. उंची ८४० पिक्सेलनी जास्त. अपलोडचं सॉफ्टवेअर तिथेच अडवतं, फोटो किती चांगला आहे ते त्याला कळत नाही.

उभा ४००० × ६००० या चौकटीत बसवला की ७२० × १०८० होतो. आडवा १६२० × १०८०. बघा, नेहमीच्या कॅमेऱ्याचा आडवा फोटोसुद्धा १९२० पर्यंत पोचत नाही, आधी उंची संपते. पूर्ण १९२० रुंदी हवी असेल तर फोटो १६:९ मध्ये कापावा लागतो.

पथारी_नंदुरबार

७२० × १०८०? मग माझा उभा फोटो आडव्याच्या निम्म्याहूनही लहान दिसणार की पडद्यावर!

हतनूरकाठ

हो, दिसणार. पडदाच आडवा आहे, त्याला इलाज नाही. ४:५ मध्ये कापलात तर ८६४ × १०८० मिळेल, चौकोनी केलात तर १०८० × १०८०. पण फोटोला उंची हवी असेल तर पडदा भरायच्या नादात कापू नका. फरकांड्याचा मनोरा चौकोनात बसवला तर मनोरा राहत नाही. तुमच्या फोटोत वर आणि खाली काय आहे त्यावर ठरवा.

धुळ्याचा_डीटीपीवाला

माझं मत वेगळं आहे. मी बावीस वर्षं छपाईच्या कामात आहे. ३०० च्या खाली फोटो आला की आम्ही परत पाठवतो. ७२ चा फोटो छापला की फाटतो, हे रोज डोळ्यांनी बघतो. नियमात ३०० लिहिलंय ते उगाच नाही लिहिलेलं. ताईंनी ३०० च ठेवावं.

नाना_चाळीसगाव

डीटीपीवाले भाऊ, तुम्ही म्हणता ते छपाईला शंभर टक्के लागू आहे. पण इथे छपाई नाहीये. मी स्टुडिओ चालवला, डार्करूमपासून सगळं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. इंच आले कुठून? कागदावरून. ऑफसेट छपाईला साधारण इंचाला १५० लाइनचा स्क्रीन धरतात, त्याच्या दुप्पट ३००, तिथून हा आकडा पक्का झाला. तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं की आधी इंच ठरतात, मग ३०० ला अर्थ येतो. १२ × १८ इंचाची प्रिंट ३०० ने काढायची तर ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. हा हिशेब खरा.

पडद्याला इंच कळत नाही. प्रोजेक्टर १९२० × १०८० ठिपक्यांचा असेल, तर तो फोटोतला एक पिक्सेल घेतो आणि आपल्या एका ठिपक्यात दाखवतो. पडदा सहा फुटी असो की वीस फुटी, ठिपके तेवढेच. फाइलमध्ये ७२ लिहिलंय की ३००, हे तो वाचतसुद्धा नाही. तो आकडा म्हणजे फाइलवर लावलेली चिठ्ठी आहे: "मला छापलंत तर एका इंचात इतके ठिपके बसवा." चिठ्ठी बदलली म्हणून पोत्यातला माल वाढत नाही.

आता ताईंचा फोटो ६७५० चा का झाला? फोटोशॉपच्या इमेज साइजच्या खिडकीत "रिसॅम्पल" म्हणून एक टिक असते. ती लावलेली असताना ७२ चे ३०० केले की फोटोशॉपला वाटतं, इंच तेवढेच ठेवून ठिपके वाढवायचे आहेत. मग ते मनानेच पिक्सेल बनवून भरतं. १६२० चे ६७५० होतात, पण त्यात नवीन तपशील काडीचाही नसतो. ती टिक काढा आणि मग ३०० लिहा. पिक्सेल जागचे हलणार नाहीत, फक्त चिठ्ठी बदलेल. नियमातले दोन्ही आकडे पाळले गेले.

म्हणून भांडण पिक्सेल आणि डीपीआयचं नाहीच. पिक्सेल आधी, टिक लावून. डीपीआय नंतर, टिक काढून.

धुळ्याचा_डीटीपीवाला

पटलं नाना. आमच्याकडे इंच कायम आधी ठरलेले असतात, म्हणून हा विचारच कधी केला नव्हता. लोक "३०० डीपीआयचा फोटो पाठवा" म्हणतात आणि किती इंचाचा ते सांगत नाहीत, तिथे निम्मा घोळ होतो. आता मीही गिऱ्हाइकाला पिक्सेलच सांगत जाईन.

केळीबाग_रावेर

काय सांगू भो, मनं बी तसंच व्हयनं. माझ्याकडे कॅमेरा नाही, फोनवरच काढतो. सारंगखेड्याच्या यात्रेत एका घोड्याचा फार सुंदर फोटो मिळाला होता, धुरळ्यात पाय उचललेला. पुतण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्याने त्याच्या कॉम्प्युटरवरून स्पर्धेला भरला. नंतर बघतो तर घोड्याची आयाळ नुसती लापशी झालेली. फोनमध्ये उघडला तर एकेक केस दिसतो. मधे काय झालं?

हतनूरकाठ

दादा, मधे व्हॉट्सअ‍ॅप झालं. साधा फोटो म्हणून पाठवला की ते पिक्सेलही कमी करतं आणि वरून जोरात दाबतंही. केस, गवत, पिसं असला बारीक तपशील सगळ्यात आधी जातो. शिवाय फोटो कधी, कोणत्या कॅमेऱ्यावर काढला ही आतली माहिती, एक्झिफ म्हणतात ती, पुसली जाते. निसर्ग विभागात आयोजक पुढे मूळ फाइल मागू शकतात, तेव्हा अडचण होते.

पुतण्याला पाठवायचाच असेल तर पिनच्या चिन्हावर जाऊन "डॉक्युमेंट" निवडा आणि त्यातून फोटोची फाइल जोडा. मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते. नाहीतर सरळ केबल लावून काढून घ्या.

तुमच्या फोनचा फोटो बहुतेक ४००० × ३००० असेल. या चौकटीत तो १४४० × १०८० होईल. आणि एक सांभाळा: फोनच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये साइज निवडताना फक्त लांब बाजू विचारतात. तिथे १९२० निवडलंत तर ४:३ चा फोटो १९२० × १४४० होतो, म्हणजे उंची परत नियमाबाहेर. आडव्यालाही हे होतं, नुसत्या उभ्यालाच नाही.

अमळनेरचा_मास्तर

आमच्या शाळेतली मुलं फोटो पाठवतात तेव्हा काहींच्या फाइल एचईआयसी येतात, त्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर उघडतच नाहीत. आयफोनवाल्या पालकांच्या फोनमधून आलेल्या असतात. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे "मोस्ट कम्पॅटिबल" केलं की पुढचे फोटो जेपीईजी निघतात. फाइलच्या नावामागे नुसतं जेपीजी लिहून काही होत नाही. एका मुलीने तसं केलं होतं आणि तिची एंट्री गेली. पोर दोन दिवस बोलली नाही.

माझा प्रश्न: शाळेत फोटोशॉप नाही, लाइटरूम नाही. फुकटात काय वापरावं?

नाना_चाळीसगाव

मास्तर, इरफानव्ह्यू टाका. शाळेच्या जुन्या मशीनवरही पळतं. फोटो उघडा, कंट्रोल आर दाबा. खिडकी येईल. "प्रिझर्व्ह अ‍ॅस्पेक्ट रेशो"ची टिक आहे ना ते बघा, नाहीतर माणसं चपटी होतात. उंचीच्या खान्यात १०८० लिहा, रुंदी आपोआप येईल. ती १९२० च्या वर गेली तरच उलटं करा, रुंदी १९२० लिहा. डीपीआयचा खाना तिथेच आहे, नियमात ३०० म्हटलं असेल तर लिहून टाका, पिक्सेलला धक्का लागत नाही. मग "सेव्ह अ‍ॅज" करून नवीन नाव द्या, क्वालिटी ९० च्या आसपास ठेवा.

नवीन नाव हे मुलांना दहा वेळा सांगा. मूळ फाइलवरच सेव्ह केलं की ६००० चा फोटो कायमचा १६२० चा झाला, तो परत येत नाही. आणि जेपीईजी उघडून, थोडं काही करून, पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. दर वेळी थोडं थोडं झिजतं. चुकलं तर मूळ फाइलपासून परत सुरुवात करायची.

हतनूरकाठ

लाइटरूमवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट, कारण यात अनुभवी लोकही फसतात. एक्सपोर्टमध्ये "रिसाइझ टू फिट"च्या यादीत "विड्थ अँड हाइट" आणि "डायमेन्शन्स" हे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत आणि दिसायला सारखेच वाटतात. आपल्याला "विड्थ अँड हाइट" हवं. "डायमेन्शन्स" उभ्या फोटोला चौकटही उभी करून देतं, मग फोटो १०८० × १६२० होतो आणि पुन्हा नापास. "लाँग एज" तर नकोच.

फोटोशॉपमध्ये फाइल, ऑटोमेट, फिट इमेज. तिथे १९२० आणि १०८० एकदा लिहिलं की उभा असो, आडवा असो, बरोबर आत बसवून देतं.

"डोन्ट एन्लार्ज"ची टिकही लावा. मी हतनूरला हळदीकुंकू बदकं टिपतो. लांबची असतात, कापून कापून फोटो १३५० × ९०० उरतो. तो चौकटीत आधीच बसतोय, तसाच पाठवतो. ताणून १६२० केला की पिसं साबणासारखी होतात.

पथारी_नंदुरबार

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून केलं. साइज आली, ७२० × १०८०. पण आता वेगळंच दुखणं. एसआरजीबी केल्यावर मिरचीचा ढीग म्हणजे एक सपाट लाल गोळा दिसतोय. मूळ फाइलमध्ये प्रत्येक मिरचीवरची सुरकुती, देठाजवळची वळी, सगळं दिसतं. आणि कडा जराशा धुरकट वाटतात. माझ्या फोटोत मिरचीच गेली तर उरलं काय?

हतनूरकाठ

ताई, तीन गोष्टी विचारतो. फाइल आधी कोणत्या कलर स्पेसमध्ये, म्हणजे रंगांच्या कोणत्या पद्धतीत होती? एसआरजीबी करताना "असाइन प्रोफाइल" केलंत की "कन्व्हर्ट टू प्रोफाइल"? आणि सेव्ह करताना क्वालिटी किती ठेवली?

पथारी_नंदुरबार

अडोबी आरजीबी होती. कन्व्हर्टच केलं. फोटोशॉपमध्ये क्वालिटी बारापैकी ६ ठेवली, २ एमबीच्या भीतीने. फाइल १८० केबीची झाली.

हतनूरकाठ

कन्व्हर्ट केलंत हे बरोबर. असाइनने आकडे तेच राहतात, नुसतं पद्धतीचं नाव बदलतं. ते केलं असतं तर लाल विटकरी झाला असता.

सपाट गोळ्याचं कारण असं. लाल मिरचीचा रंग फार गडद. एसआरजीबीमध्ये रंगांची जागा अडोबी आरजीबीपेक्षा लहान, आणि प्रत्येक रंगाला २५५ च्या वर आकडा नाही. मूळ फोटोत एक मिरची थोडी जास्त लाल, दुसरी थोडी कमी, हा जो फरक होता तो या छोट्या जागेत मावत नाही. दोघी जाऊन २५५ वर टेकतात. फरक संपला की सुरकुती संपली. उपाय म्हणजे कन्व्हर्ट करण्याआधी फक्त लाल रंगाचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. सगळ्या फोटोचं नको, ओढणी आणि पहाटेचा निळा प्रकाश फिका पडेल. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे रंगांच्या आलेखात, लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटलेली आहे का बघत बघत उतरवा. भिंत सुटली की थांबा. मिरची कमी लाल दिसणार नाही. उलट मिरचीसारखी दिसेल.

कडा धुरकट होण्याची कारणं दोन. पहिलं, क्वालिटी ६. जेपीईजी जागा वाचवायला रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी ठेवतं. फोटोशॉपच्या सेव्ह अ‍ॅजमध्ये ६ आणि त्याखाली हे घडतं, ७ पासून वर पूर्ण रंग ठेवला जातो. हिरव्या शेतात ते कळून येत नाही, पण काळ्या मातीवरच्या लाल मिरचीच्या कडेला लगेच दिसतं. तुमच्याकडे २ एमबीची मोकळीक आहे आणि तुम्ही १८० केबी वापरलेत. क्वालिटी ११ करा, तरी आरामात बसेल.

नाना_चाळीसगाव

दुसरं कारण मी सांगतो. ६००० चा फोटो १०८० वर आणला म्हणजे प्रत्येक बाजूला साडेपाच पिक्सेलांचा एक झाला. तेवढी धार जातेच. म्हणून शार्पनिंग साइज कमी केल्यानंतर करायचं. मोठ्या फाइलवर केलेलं लहान होताना विरघळतं. अनशार्प मास्क घ्या, रेडियस अगदी कमी, ०.३ ते ०.५. आणि फोटो १०० टक्क्यांवर ठेवूनच बघा, लहान करून बघितलं तर अंदाज चुकतो. मिरचीच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की मागे या. ओढणीच्या विणीवर आणि डोळ्यांवर लक्ष ठेवा, चांगला परीक्षक आधी डोळे बघतो.

आमच्या चाळीसगावात केकी मूस होऊन गेले, १९१२ ते १९८९. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता त्यांनी टेबलावर देखावे मांडून फोटो काढले आणि देशोदेशीच्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली. त्या काळी प्रिंट पाठवायची असे. प्रिंट किती काळी, किती उजळ, कडा कुठे थांबणार, हे फोटोग्राफर स्वतः डार्करूममध्ये ठरवायचा, दुसऱ्यावर सोडायचा नाही. आजची ही साइज आणि शार्पनिंग म्हणजे तीच डार्करूम आहे ताई. नेटकॅफेवाल्याकडे देऊ नका, स्वतः करा. तुम्ही हे सगळं विचारून करताय, मला फार बरं वाटलं.

अमळनेरचा_मास्तर

इरफानव्ह्यू टाकलं. अकरा मुलांचे फोटो एका तासात झाले. दोन मुलांनी फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं होतं, ते काढायला लावलं. परीक्षकांना नाव दिसता कामा नये, नियमातच आहे.

केळीबाग_रावेर

आते समजनं. घोडा १४४० × १०८० झाला, आयाळ शाबूत. पण पाठवण्याआधी साइज बरोबर आहे हे तपासायचं कसं? मागे पुतण्या म्हणे "झालं काका" आणि झालेलं नव्हतं.

हतनूरकाठ

कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. विड्थ, हाइट, डीपीआय सगळं तिथे लिहिलेलं असतं. जी फाइल अपलोड करणार तीच उघडून बघायची, तिच्या शेजारची नाही. एका फोल्डरमध्ये सारख्या नावाच्या तीन फाइल असतात आणि घाईत मोठीच चढवली जाते. मी स्पर्धेच्या फाइलचं वेगळं फोल्डरच करतो.

पथारी_नंदुरबार

झालं! मूळ फाइलपासून परत सुरुवात केली. लाल उतरवला, भिंतीपासून सोडवला. फिट इमेजने ७२० × १०८०. ४:५ मध्ये कापून बघितलं, पण वरची रांगेतली शेवटची पथारी जात होती, तिच्यामुळेच मैदान केवढं आहे ते कळतं. म्हणून उभाच ठेवला, लहान दिसला तरी चालेल. रेडियस ०.४. मग एसआरजीबी, रिसॅम्पलची टिक काढून ३००, क्वालिटी ११. फाइल ७४० केबी. डिटेल्समध्ये दोनदा बघितलं आणि अपलोड केला. या वेळी "स्वीकारले" असं हिरव्या अक्षरात आलं.

एकच विचारते. निवडलेल्या फोटोंची १२ × १८ इंचाची प्रिंट मागवतील असं लिहिलंय. हीच फाइल द्यायची का?

धुळ्याचा_डीटीपीवाला

नाही ताई, हीच फाइल अजिबात नाही! ७२० पिक्सेल १२ इंचात पसरले तर इंचाला ६० ठिपके, जवळून बघवणार नाही. मूळ ४००० × ६००० द्या, ती इंचाला ३३३ बसते. लाल उतरवलेली, पण साइज कमी न केलेली आणि त्या मापाला वेगळी शार्प केलेली. प्रिंटसाठी म्हणून आजच वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, लाल किती उतरवला ते दोन महिन्यांनी आठवत नाही. निवड झाली की कळवा, काढायच्या आधी लाल रंगाची छोटी टेस्ट पट्टी काढून बघू.